आवाजाचा हौद



आज ज्या विषयावर मी चार शब्द बोलणार आहें, तो दिसावयास अगदीं लहान आहे. इतका लहान कीं, बोटाच्या नखावर मावेल अशा एका चकतींत तो दडलेला असतो. आपल्या खिशांतला मोबाईल, कानांत घालावयाचीं बिनतारी यंत्रें, बंदोबस्तावरील पोलिसाच्या हातांतला वॉकीटॉकी, या सर्वांच्या पोटांत अशी एक चिप असते. आणि त्या चिपमध्यें आवाज क्षणभर थोपवून धरण्याची एक जागा असते. तिला बफर असें नांव आहे. जुन्या आगगाडीच्या डब्यांना पुढेंमागें जे वाटोळे लोखंडी ठोकळे बसविलेले असत, त्यांनाही बफरच म्हणत. एका डब्याचा धक्का दुसऱ्यास बसूं नये, एवढेंच त्यांचें काम. आवाजाच्या बफरचें कामही याहून फारसें निराळें नाहीं. परंतु आगगाडीच्या बफरपेक्षां आपल्याकडील पाण्याचा हौद मला या ठिकाणीं अधिक जवळचा वाटतो. नळ केव्हां येतो, केव्हां जातो. घरांतल्या माणसांस मात्र पाणी दिवसभर लागतें. या दोहोंचा मेळ हौद घालतो. आवाजाचाही असाच एक हौद असतो.

मी अभियंता नव्हें. माझा जन्म मुलांस भाषा आणि अंकगणित शिकविण्यांत गेला. पण या विषयाला शाळेंतल्या त्रैराशिकापलीकडचें गणित फारसें लागत नाहीं, आणि त्यांत जो खरा प्रश्न आहे तो यंत्राइतकाच माणसांच्या बोलण्याचालण्याचा आहे, म्हणून हें धाडस करीत आहें.

पहिला प्रश्न असा कीं, आवाज थोपवावयाचाच कशाला? जुन्या तारेच्या टेलिफोनमध्यें आवाज कोठेंच थांबत नसे. बोलणाऱ्याच्या आवाजाबरहुकूम तारेंतील विद्युत्प्रवाह कमीअधिक होई, आणि पलीकडच्या कर्ण्यांतील पातळ पडदा त्याप्रमाणें कांपूं लागे. आतां तसें नाहीं. आतां आवाज आधीं मोजला जातो आणि मग अंकांच्या रूपानें पाठविला जातो. ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्यानें या पद्धतीचें पेटंट १९३८ सालीं फ्रान्समध्यें घेतलें. साध्या टेलिफोनच्या दर्जाच्या बोलण्यासाठीं दर सेकंदास ८,००० वेळां आवाजाचें माप घ्यावें लागतें. म्हणजे दोन मापांमधील अंतर सेकंदाचा आठ-हजारावा भाग. हीं मापें एखाद्या सरळ धारेसारखीं न थांबतां येत राहतात.

पण बिनतारी मार्गानें अशी अखंड धार पाठवितां येत नाहीं. आकाश एकच, आणि त्यांतून एकाच वेळीं बोलणारे असंख्य. म्हणून प्रत्येकास अगदीं थोडा वेळ नेमून दिलेला असतो. तेवढ्या वेळांत त्यानें आपलें गाठोडें टाकावयाचें आणि पुढच्या पाळीपर्यंत गप्प बसावयाचें. शिवाय आवाजाचे सर्वच अंक जसेच्या तसे पाठविणें परवडत नाहीं. ते दाबून लहान करावे लागतात, आणि दाबण्यासाठीं त्यांचा कांहीं सांठा एकदम हातीं असावा लागतो. धुण्याचा एकेक रुमाल आला तसा इस्त्रीला कोणी नेत नाहीं. गठ्ठा बांधूनच नेतात, तसेंच हें. १९९१ सालीं फिनलंडमध्यें ज्या जीएसएम पद्धतीचा मोबाईल प्रथम लोकांच्या व्यवहारांत आला, तींत २० मिलिसेकंदांचा आवाज एका गठ्ठ्यांत बांधीत. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. २० मिलिसेकंदांत मापें किती? ८,००० चा पन्नासावा भाग, म्हणजे १६०. प्रत्येक माप १३ बिटांचें, म्हणजे एकंदर २,०८० बिट. हे दाबून त्यांचे २६० बिट करीत, अगदीं एक-अष्टमांश! आपल्या देशांत ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून ज्योती बसूंनीं दिल्लीस सुखराम यांच्याशीं मोबाईलवरून पहिलें संभाषण केलें, त्या काळांतील मोबाईलचें अंकगणित तें हेंच.

आतां चिपच्या आंत काय चालतें तें पाहूं. अंकांची धार तर अखंड येत आहे, आणि दाबण्याचें काम करणारा कारागीर गठ्ठ्यांवांचून कामाला हात लावीत नाहीं. मग युक्ति अशी कीं, दोन भांडीं ठेवावयाचीं. नळाखालीं एक कळशी भरत असतां दुसरी भरलेली कळशी घरांत नेऊन रितीं करावी, आणि ती रिकामी होऊन परत येते तोंच पहिली भरलेली असावी. चिपमध्यें अगदीं हेंच होतें. एका भांड्यांत १६० मापें भरलीं कीं घंटा वाजते, धार दुसऱ्या भांड्याकडे वळते, आणि कारागीर पहिलें भांडें उचलतो. एकेक माप उचलून भांड्यांत ठेवण्याच्या हलक्या कामासाठीं या कारागिरास राबवीत नाहींत. त्यासाठीं एक निराळा हरकाम्या असतो, त्यास डीएमए म्हणतात. कारागिरास केवळ भांडें भरल्याची वर्दी मिळते.

यांत एकच अट आहे, पण ती कडक आहे. दुसरें भांडें भरण्यापूर्वीं पहिलें रिकामें झालेंच पाहिजे. कारागिरास २० मिलिसेकंदांची मुदत आहे. त्यास २१ लागले तर धार भरल्या भांड्यावर पडते आणि जुनीं मापें वाहून जातात. उलट बाजूस, म्हणजे ऐकणाऱ्याच्या यंत्रांत, भांडें वेळेवर भरलें नाहीं तर कर्ण्यास वाजवावयास कांहींच उरत नाहीं आणि कानांत ‘कट्’ असा आवाज येतो. एकीकडे महापूर, दुसरीकडे दुष्काळ. या दोहोंमधून मार्ग काढणें हीच या शास्त्राची सारी खटपट होय.

दोन भांड्यांनीं भागत नाहीं तेथें राहाटगाडगें योजतात. विहिरीवरचें राहाटगाडगें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें नसेल, पण ऐकलें असेल: माळेंत गाडगीं बांधलेलीं, खालीं भरतात, वर रिकामीं होतात, आणि माळ फिरत राहते. चिपमध्यें स्मरणाचीं घरें अशींच वर्तुळांत कल्पिलेलीं असतात. एक खूण ‘येथें भरा’ असें सांगते, दुसरी खूण ‘येथून काढा’ असें सांगते, आणि शेवटच्या घरानंतर दोन्ही खुणा पुन्हां पहिल्या घरीं येतात. येथें एक गंमतीचा पेंच पडतो. दोन्ही खुणा एकाच घरावर आल्या, तर राहाट पूर्ण भरला असें समजावयाचें कीं पूर्ण रिकामा झाला असें? दोन्ही अर्थ सारखेच खरे! म्हणून एक घर नेहमीं मुद्दाम रिकामें ठेवतात, किंवा किती घरें भरलीं आहेत याचा निराळा हिशेब ठेवतात. एवढी साधी खबरदारी घेतली नाहीं तर भरलेला हौद रिकामा समजून यंत्र त्यावर नवें पाणी ओततें.

कानांत घालावयाच्या बिनतारी यंत्रांत हें काम आणखी बारीक होतें. तेथें ब्लूटूथ नांवाची पद्धत असते. तिनें सेकंदाचे १,६०० तुकडे पाडले आहेत, आणि पुष्कळदां दर तुकड्यास ती आपली लहर बदलते. साध्या बोलण्याच्या एका प्रकारांत दर सहा तुकड्यांनीं, म्हणजे ३·७५ मिलिसेकंदांनीं, ३० बाइटांचें एक लहानसें पुडकें जातें. हें पुडकें वाटेंत बिघडलें तर पूर्वीं तें पुन्हां पाठविण्याची सोयच नव्हती. गेलें तें गेलें. २००३ सालच्या सुधारणेनंतर मधल्या मोकळ्या वेळांत तें एखाद्या वेळीं पुन्हां पाठवितां येऊं लागलें. पुन्हां पाठवावयाचें म्हणजे पलीकडे तेवढा वेळ वाट पाहणें आलें, आणि वाट पाहण्यासाठीं हौद थोडा मोठा करणें आलें. म्हणजे हौदाच्या आकारांत आणि आवाजाच्या शुद्धतेंत देवघेव आहे. हीच देवघेव आतां मोठ्या प्रमाणावर पाहूं.

अलीकडे आपलें पुष्कळसें संभाषण इंटरनेटच्या वाटेनें जातें. त्या वाटेवर पुडकीं सारख्या अंतरानें निघतात, पण सारख्या अंतरानें पोहोंचत नाहींत. एक सरळ येतें, दुसरें एखाद्या नाक्यावर खोळंबतें. समजा, पहिल्या पुडक्यास वाटेंत ५० मिलिसेकंद लागले, दुसऱ्यास ७०, तिसऱ्यास ५५ आणि चौथ्यास ९५. आलें तसें वाजवावें तर बोलणें अडखळत, तुटत ऐकूं येईल. म्हणून ऐकणाऱ्याचें यंत्र ठरवितें कीं, प्रत्येक पुडकें निघाल्यापासून बरोबर १०० मिलिसेकंदांनीं वाजवावयाचें. मग पहिलें हौदांत ५० मिलिसेकंद थांबेल, दुसरें ३०, तिसरें ४५ आणि चौथें ५. चारही सुखरूप. हीच मुदत ६० ठेवली तर दुसरें आणि चौथें उशिरां येऊन वायां जातील.

आमच्याकडील पंगतीचें उदाहरण घ्या. स्वयंपाकघरांत पोळ्या कधीं भराभर होतात, कधीं तवा थंडावतो. शहाणा वाढपी पहिली पोळी तव्यावरून उतरतांच पंगतींत धांव घेत नाहीं. दुरडींत चार पोळ्या सांठल्यावर तो वाढावयास निघतो, म्हणजे पुढें हात आखडावा लागत नाहीं. परंतु दुरडी शिगोशीग भरेपर्यंत तो थांबला तर पानावरचीं माणसें ताटकळतात आणि खालच्या पोळ्या निवतात. किती पोळ्या सांठवाव्या, हें त्या दिवशींच्या चुलीवर अवलंबून असतें. उत्तम यंत्रही असेंच करतें. वाट सुरळीत असेल तेव्हां हौद लहान करतें, बिघडली कीं मोठा करतें. आणि हा फेरफार तें शक्यतों बोलणाऱ्याच्या दोन वाक्यांमधील विरामांत उरकतें. विराम किंचित् लांबला किंवा आंखडला तर ऐकणाऱ्याच्या लक्षांतही येत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, स्मरणाचीं घरें आतां इतकीं स्वस्त झालीं असतां हौद खूप मोठा कां ठेवीत नाहींत? या प्रश्नांत साऱ्या विषयाचें मर्म आहे. महाग आहे ती जागा नव्हे. महाग आहे तो वेळ. व्याख्यान इंटरनेटवरून ऐकत असाल तर तें कांहीं सेकंद मागून आल्यानें आपलें कांहींच बिघडत नाहीं. फार तर वेळ सांगणारे टोले घड्याळाच्या मागें पडतील. पण संभाषणाची गोष्ट निराळी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी आहे कीं, आवाज एका टोंकाहून दुसऱ्या टोंकास १५० मिलिसेकंदांच्या आंत पोहोंचला तर बहुतेक व्यवहारांत अडचण भासत नाहीं. ४०० मिलिसेकंदांहून अधिक विलंब मात्र योजनेंतच टाळावा.

जुन्या पिढीनें हा विलंब अनुभवलेला आहे. पुणें जिल्ह्यांत आर्वी येथें १९७१ सालीं उपग्रहाशीं संपर्क ठेवणारें भूकेंद्र सुरू झालें. असा उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खालीं येईपर्यंत ७२,००० किलोमीटरांचा प्रवास. बिनतारी लहरींचा वेग सेकंदास तीन लक्ष किलोमीटर. म्हणजे जातांना सुमारें २४० मिलिसेकंद, आणि उत्तर येतांना पुन्हां तितकेच. जवळजवळ अर्धा सेकंद! आपण विचारावें आणि अर्धा सेकंद शांतता. आपल्यास वाटावें, ऐकूं गेलें नाहीं; म्हणून पुन्हां विचारावें, तों पलीकडचें उत्तर आपल्या दुसऱ्या प्रश्नावर येऊन आदळावें. मग दोघांनीं एकदम थांबावें आणि दोघांनीं पुन्हां एकदम सुरू करावें.

हें केवळ गैरसोयीचें नाहीं, श्रोतेहो. बोलण्यांतील शांततेला अर्थ असतो. ‘तुझी प्रकृति बरी आहे ना?’ या प्रश्नास लगेच आलेला ‘हो’ आणि क्षणभर थांबून आलेला ‘हो’ यांत आईस मोठें अंतर वाटतें. मुलगा दूरदेशीं असावा, त्यानें तत्काळ ‘हो’ म्हणावें, आणि मधल्या कोठल्याशा हौदांत तो ‘हो’ अर्धा सेकंद अडून राहावा. इकडे आईनें समजावें कीं, मुलगा कांहींतरी लपवीत आहे. यंत्रानें शब्द एकही बदलला नाहीं, पण अर्थ बदलला. मोठ्या हौदाचा दोष हा असा असतो.

मग हौद लहानच ठेवावा काय? त्याचाही दोष कमी नाहीं. मराठी बोलण्यांतील एक अक्षर उच्चारावयास साधारण सेकंदाचा पांचवा भाग लागतो, म्हणजे २० मिलिसेकंदांचीं दहा पुडकीं. यांतलें एखादें हरवलें तर यंत्र मागच्याच पुडक्याची नक्कल करून भोंक बुजवितें, आणि कानास तें कळतही नाहीं. पण ओळीनें दहावीस हरवलीं तर नक्कल करून काय उपयोग? जीएसएमच्या नियमांतही अशी नक्कल हळूहळू मंद करीत नेऊन ३२० मिलिसेकंदांच्या आंत आवाज अगदीं बंद करावयास सांगितलें आहे. कारण खोटा आवाज चालू ठेवण्यापेक्षां शांतता प्रामाणिक. आतां वैद्यानें फोनवरून सांगावें, ‘या गोळ्या देऊं नका’, आणि त्यांतलें ‘नका’ तेवढें वाहून जावें! लहान हौदाचा दोष हा असा असतो.

या दोन दोषांपैकीं कोणता पत्करावा, याचा विचार प्रथम ज्यांनीं खोलवर केला त्यांत डॅनी कोहेन यांचें नांव घेतलें पाहिजे. १९७४ सालीं अमेरिकेंतील अर्पानेट या जाळ्यावरून पुडक्यांच्या रूपानें बोलणें पाठविण्याचे जे प्रयोग झाले, त्यांचे ते प्रमुख होते. तोंवर जाळ्याचा दंडक असा होता कीं, एकही पुडकें हरवतां कामा नये. हरवलें तर तें पुन्हां मागवावें आणि तोंवर मागचीं सारीं रोखून धरावीं. पत्र किंवा हिशेब पाठवावयाचा असेल तर हें योग्यच. परंतु कोहेन यांचें म्हणणें असें कीं, बोलण्याच्या बाबतींत उशिरां आलेलें पुडकें न आल्यासारखेंच आहे. त्यासाठीं मागच्यांना अडवूं नये. पुढें इंटरनेटच्या नियमांची जी विभागणी झाली, आणि पुडकें पोहोंचविण्याची हमी न देणारी पण कोणास न अडविणारी अशी यूडीपी नांवाची जी पद्धत १९८० सालीं निघाली, तिच्या मागें हा विचार होता.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. समजा, वाट अगदीं निर्दोष आहे, एकही पुडकें हरवत नाहीं, उशीरही होत नाहीं. तरीही हौद कालांतरानें भरून वाहील किंवा आटेल! कारण मापें घेणारें घड्याळ बोलणाऱ्याकडे आहे आणि वाजविणारें घड्याळ ऐकणाऱ्याकडे. आणि जगांत दोन घड्याळें कधींच तंतोतंत जुळत नाहींत. समजा, दोहोंत दहा लाखांत अवघा ४० चा फरक आहे. ८,००० मापांमागें हा फरक सेकंदास ०·३२ माप होतो. मग १६० मापांचें एक भांडें भरून वाहावयास किती वेळ लागेल? १६० भागिले ०·३२, म्हणजे ५०० सेकंद. आठ मिनिटें वीस सेकंद. म्हणजे दर आठसवाआठ मिनिटांनीं विनाकारण एक ‘कट्’. यास उपाय दोन. पहिला असा कीं, एकानें दुसऱ्याचें घड्याळ प्रमाण मानावें. मोबाईल आपल्या मनोऱ्याच्या घड्याळाबरोबर चालतो तो याचसाठीं. दुसरा असा कीं, हौदाच्या पाण्याच्या पातळीवर नजर ठेवून, ती चढूं लागली तर एखादें माप गाळावें आणि उतरूं लागली तर एखादें जोडावें; तेंही शांततेच्या क्षणीं.

शांततेविषयीं बोलतांना एक मौज सांगतों. संभाषणांत प्रत्येक जण साधारण अर्धाच वेळ बोलत असतो. उरलेला वेळ ऐकतो. त्या वेळीं मोबाईल पुडकीं पाठविणें बंद करतो आणि विजेचा सांठा वांचवितो. पण पलीकडे एकदम निःशब्द झालें कीं ऐकणाऱ्यास वाटतें, संबंध तुटला. म्हणून त्याचें यंत्र आपल्याच पदरचा एक मंद, सौम्य घूंकार कानांत सोडीत राहतें. बोलणाऱ्याच्या खोलींतील गलबला कसा आहे याचें वर्णन जीएसएममध्यें दर ४८० मिलिसेकंदांस येतें, आणि त्यावरून हा घूंकार बेततात. आपण ज्यास शांतता समजतों तीही बनविलेली असते!

हें सर्व जाणून आपण घरीं काय करावें? पलीकडचें उत्तर यावयास वेळ लागला तर लगेच प्रश्न पुन्हां विचारूं नये. मनांत एकदोन म्हणण्याइतकें थांबावें. थांबण्यावरून माणसाच्या मनाचा तर्क करूं नये. आकडा, औषधाचें नांव, गाडीची वेळ आणि विशेषेंकरून नकार, हे दोन वेळां आणि निरनिराळ्या शब्दांत सांगावे. ‘देऊं नका’ म्हटल्यावर ‘बंदच ठेवा’ असेंही म्हणावें. महत्त्वाचें बोलणें असेल तर कानांतलीं बिनतारी यंत्रें काढून ठेवावीं, म्हणजे वाटेवरचा एक हौद तरी कमी होईल.

एका चकतीच्या कोपऱ्यांत बसलेला हा हौद दर क्षणीं एकच निवाडा करीत असतो: आणखी थांबूं, कीं आहे तेवढ्यावर पुढें जाऊं? फार थांबलें तर संभाषणाचा जीव जातो. मुळींच न थांबलें तर शब्दाचा जीव जातो. या निवाड्यास त्याच्यापाशीं सेकंदाचे कांहीं शतांश एवढीच सवड असते. आपल्यापाशीं याहून पुष्कळ अधिक असते. तिच्यांतली थोडीशी सवड समोरच्या माणसास द्यावयास हरकत नाहीं.